भाड्याची गाडी परत केल्यावर येणारं नुकसानीचं बिल

युरोपातल्या विमानतळावर भाड्याची गाडी परत करायला जावं तर तिथला माणूस गाडीभोवती एक चक्कर मारतो, ‘ओके’ म्हणतो आणि किल्ली घेतो. पहाटेचं विमान असेल तर माणूसही नसतो. किल्ली पेटीत टाकून निघायचं. दोन-तीन आठवड्यांनी घरी ईमेल येतो. समजा, मागच्या उजव्या चाकाच्या अलॉयवर ओरखडा, ३०० युरो. वर फाइल हाताळण्याचे ५० युरो, आणि गाडी दुरुस्तीसाठी उभी राहिली त्याचं भाडं. सोबत चाकाचा अगदी जवळून काढलेला एक फोटो, त्यात ना नंबरप्लेट ना तारीख. बऱ्याचदा तोवर कार्डावरून पैसे गेलेलेही असतात.

पैसे इतक्या सहज जातात, कारण करारावर सही करताना नंतरच्या रकमा कार्डावर लावायची परवानगी आपण दिलेली असते, आणि परदेशातल्या कंपनीला भारतीय कार्डावर ओटीपीशिवाय रक्कम लावता येते. भाड्यात धरलेल्या सीडीडब्ल्यूमुळे, म्हणजे गाडीच्या नुकसानीची आपली जबाबदारी मर्यादित करणाऱ्या संरक्षणामुळे, आपण निर्धास्त असतो. पण त्यात ‘एक्सेस’ असतो, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान आपल्याच खिशातून. हजार-दीड हजार युरोंचा एक्सेस सर्रास दिसतो. टायर, काचा, टप आणि गाडीचा तळ तर बहुतेक करारांत संरक्षणाबाहेरच असतात. त्यामुळे दोन-चारशे युरोंचं बिल अख्खं आपल्यावर येतं. एवढ्या रकमेसाठी कोणी परदेशात कोर्टाची पायरी चढत नाही, हे कंपनीला पक्कं माहीत असतं.

बुकिंगच्या वेबसाइटवर घेतलेल्या ‘संपूर्ण संरक्षणा’बद्दल फार गैरसमज आहे. ते भाडेकंपनीचं नसतं. कंपनी एक्सेसइतकी रक्कम कार्डावर अडवतेच, नुकसानीचे पैसे तुमच्याकडूनच घेते, आणि ते तुम्ही नंतर त्या विमावाल्याकडून मागायचे असतात. काउंटरवर ‘हा विमा इथे चालत नाही’ असं म्हणून दिवसाला वीस-तीस युरोंचा आणखी एक विमा गळ्यात मारतात, तो याच गोंधळाच्या जोरावर. आधीचं संरक्षण असेल तर शांतपणे नाही म्हणा. मात्र दावा करायला भाडेकरार, गाडी घेतानाचा आणि परत करतानाचा तपासणी कागद, दुरुस्तीचं बिल आणि कार्डाचं स्टेटमेंट हे सगळं लागतं.

सगळा वाद शेवटी या दोन तपासणी कागदांवर ठरतो. गाडी घेताना मिळणाऱ्या कागदावर गाडीचं चित्र असतं आणि जुन्या चऱ्यांवर खुणा असतात. कित्येकदा चित्र कोरं असतं आणि गाडीवर मात्र चार ओरखडे. गाडी जागची हलवण्याआधी काउंटरवर परत जा, प्रत्येक खूण लिहून घ्या, त्यावर कर्मचाऱ्याची सही घ्या. ‘एवढ्याशाचं काही नाही’ हे त्याचं तोंडी बोलणं नंतर शून्य कामाचं. कागदच देत नसतील तर तिथेच उभं राहून फोटोंसकट कंपनीला ईमेल करा.

व्हिडिओ नंबरप्लेटपासून सुरू करा आणि न तोडता पूर्ण फेरी मारून परत तिथेच संपवा. तळघरातल्या पार्किंगमधल्या अंधारात आणि ओल्या गाडीवर ओरखडे दिसतच नाहीत. पत्रा पुसून घ्या आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, मग बारीक चरासुद्धा उठून दिसतो. बिलं ज्या जागांची येतात तिथे वेळ घालवा: चारही रिमच्या कडा, पुढच्या बंपरची खालची कड, आरशांच्या पाठी, डिकीची सामान घासणारी कड, काचेवरचे खड्याचे टिपके. मोबाइल डोक्यावर धरून टपाचाही फोटो घ्या. शेवटी किलोमीटर आणि इंधनाचा काटा. परत करताना हेच सगळं पुन्हा करा, आणि गाडी कुठल्या जागेवर लावली तेही फोटोत येऊ द्या. हे फोटो फक्त व्हॉट्सअॅपवर ठेवू नका. तिथून पाठवताना फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची नोंद निघून जाते. मूळ फाइल जपा.

परत करायला शक्यतो कार्यालय उघडं असताना जा आणि ‘नवीन नुकसान नाही’ असं लिहिलेला कागद मागा. किल्ली पेटीत टाकली, तर कर्मचारी येऊन गाडी बघेपर्यंतची जबाबदारी बऱ्याच करारांत तुमच्यावरच असते.

बिल आलंच तर फोनवर वाद घालू नका, लेखीच बोला. ‘मी केलं नाही’ एवढ्यावर थांबू नका. रक्कम अमान्य आहे असं स्पष्ट लिहून पुरावे मागा: दोन्ही तपासणी कागद, नंबरप्लेट दिसणारे तारखेचे मूळ फोटो, मजुरी आणि रंगाचा खर्च वेगळा दाखवणारं गॅरेजचं बिल, आणि गाडी पुढच्या ग्राहकाला कधी दिली त्याची नोंद. ही शेवटची नोंद फार कामाची. गाडी त्याच संध्याकाळी पुन्हा भाड्यानं गेली असेल, तर ती उभी राहिल्याचं भाडं मागायला कंपनीला जागाच उरत नाही. कंपनी युरोपीय संघातली असेल तर जीडीपीआर या तिथल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १५ खाली तुमच्याबद्दलची सगळी नोंद मागा. त्यासाठी तिथलं नागरिक असावं लागत नाही, शुल्क नसतं आणि साधारणपणे महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. २०१५ साली युरोपीय आयोगाच्या पाठपुराव्यानंतर एव्हिस-बजेट, युरोपकार, एंटरप्राइज, हर्ट्झ आणि सिक्स्ट या पाच मोठ्या कंपन्यांनी नुकसानीचे पैसे कापण्याआधीची पद्धत अधिक न्याय्य करण्याचं मान्य केलं होतं. कंपनी यांपैकी असेल तर पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा.

कंपनी बधली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत मिळवण्याचा अर्ज. इथे ‘कार्डाचा गैरवापर झाला’ असं लिहू नका. कार्ड तुम्हीच दिलेलं असतं, भाडेकरार दाखवला की दावा कोसळतो. ‘भाडं मान्य, नुकसानीची रक्कम अमान्य’ अशी नेमकी नोंद करा, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि दोन्ही वेळचे फोटो जोडा. व्हिसा आणि मास्टरकार्डची मुदत साधारण १२० दिवसांची असते, तरी स्टेटमेंट दिसताच अर्ज करा. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना आणखी वाटा आहेत. जर्मनीत राहून इटलीत गाडी घेतली असेल, तर जर्मनीतलं युरोपीय ग्राहक केंद्र फुकट मदत करतं. ब्रिटनमध्ये कंपनी बीव्हीआरएलए या गाड्या भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेची सभासद असेल तर त्यांच्या तंटा निवारणाकडे जाता येतं. मात्र त्याआधी कंपनीकडेच लेखी तक्रार करून तिचं अंतिम उत्तर हातात ठेवा.