मानव विकास अहवाल २०२५: क्रमांक सोडा, मागचे तक्ते उघडा

फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा रिव्ह्यू सहसा कोणी लिहीत नाही, कारण पैसे गेल्याचा राग नसतो. मी लिहितेय, कारण ठाण्यात नौपाड्यात संध्याकाळच्या बॅचला मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते आणि संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल हा आमच्या रोजच्या वापरातला माल आहे. वापरातला म्हणजे काय, तर क्रमांक पाठ करण्यापुरता. ‘भारत १३०वा, एकूण देश १९३.’ झालं, वही बंद. अहवाल स्वतः उघडून बघितलेला मुलगा बॅचमध्ये शोधून सापडत नाही. शिकवणारेही फारसे सापडत नाहीत, हे आमच्यातच राहू दे.

आधी माल काय आहे ते सांगते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, म्हणजे यूएनडीपी, १९९० पासून हा अहवाल काढतो. कल्पना महबूब उल हक यांची. हे पाकिस्तानचे अर्थमंत्री राहिलेले अर्थतज्ज्ञ, आणि त्यांच्या सोबतीला केंब्रिजपासूनचे मित्र अमर्त्य सेन. एकाच आकड्यात विकास कोंबायला सेन आधी तयार नव्हते. हक यांचं म्हणणं असं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्याला टक्कर द्यायची तर समोर दुसरा तितकाच ढोबळ आकडाच हवा, पण माणसांकडे बघणारा. त्यातून मानव विकास निर्देशांक आला. आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न, बस्स.

मिळायला सोपा. साइटवर जा, पूर्ण अहवाल डाउनलोड करा, तक्ते एक्सेलमध्ये घ्या. नोंदणी नाही, ओटीपी नाही, ‘आमचे प्रतिनिधी आपल्याला फोन करतील’ हा प्रकार नाही. भाषेचं मात्र विचारू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा, त्यांत मराठी सोडाच, हिंदीही नाही. तालुक्याच्या शाळेतून आलेला मुलगा पहिल्या पानावरच दमतो. म्हणून मी पहिलं पान दाखवतच नाही. थेट मागे जाते, आकडेवारीच्या तक्त्यांकडे. आकड्यांना इंग्रजी येत नाही.

तक्ता १ मध्ये भारताची ओळ काढा. २०२३ सालचे आकडे आहेत: जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान ७२ वर्षं, मुलांची अपेक्षित शालेय वर्षं १३, पंचविशीच्या पुढच्या माणसांची सरासरी शालेय वर्षं ६.९, दरडोई उत्पन्न क्रयशक्तीच्या हिशेबात, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक धरून, ९,०४७ डॉलर. शेवटी निर्देशांक ०.६८५. आता तो पाठ करायचा नाही, काढायचा. बॅचमध्ये फोन बाहेर काढायची परवानगी फक्त ह्याच तासाला असते. बऱ्याच फोनवर कॅल्क्युलेटर आडवा धरला की लॉगचं (लॉगॅरिदमचं) बटण दिसतं, हे अर्ध्या वर्गाला माहीत नसतं, त्यामुळे पहिली पाच मिनिटं फोन आडवे-उभे करण्यात जातात.

आरोग्य: किमान २० वर्षं आणि कमाल ८५ वर्षं धरतात. ७२ मधून २० गेले ५२, भागिले ६५. बरोबर ०.८. शिक्षण: इथे किमान शून्य, आणि कमाल १८ व १५ वर्षं. १३ भागिले १८ म्हणजे ०.७२२, ६.९ भागिले १५ म्हणजे ०.४६, दोघांची सरासरी ०.५९१. उत्पन्न: इथे लॉग लागतो, किमान १०० डॉलर आणि कमाल ७५,००० डॉलर; वजाबाकी-भागाकार आरोग्यासारखाच, फक्त प्रत्येक आकड्याचा लॉग घेऊन. उत्तर येतं ०.६८१ च्या आसपास. तिघांचा गुणाकार करा आणि घनमूळ काढा. फळ्यावर ०.६८५ उमटतं तेव्हा वर्गात जो आवाज येतो तो मी क्रमांक सांगितल्यावर कधी आलेला नाही. न्यूयॉर्कच्या साहेबांनी काढलेला आकडा नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर पंख्याखाली निघाला, याचं अप्रूप असतंच.

मग प्रश्न येतात, आणि माझ्या दृष्टीने ह्या अहवालाचे मार्क तिथे आहेत. ‘मॅडम, सरळ तिघांची सरासरी का नाही?’ २०१० च्या आधी तशीच होती. तशी काढली तर आपला आकडा ०.६९१ येतो, म्हणजे थोडा वर. घनमूळाने एका ठिकाणची कमाई दुसऱ्या ठिकाणचं अपयश पूर्ण झाकू शकत नाही. आपलं शिक्षण मागे आहे, ते मागे असल्याचं दिसतं. आणि उत्पन्नाला लॉग का? त्यावर मी घोडबंदर रोडचं उदाहरण देते. तिथल्या टॉवरमध्ये भांडी घासणाऱ्या बाईला महिन्याला दोन हजार वाढले तर तिच्या घरात फरक पडतो, टॉवरमधल्या साहेबांना तेवढेच वाढले तर त्यांना मेसेज आलेलाही कळत नाही. लॉग तेवढंच सांगतो. वर्गातल्या एका मुलीची आई हेच काम करते. ती म्हणाली, ‘दोन हजार कोण देतंय मॅडम, दोनशेसाठी भांडावं लागतं.’

आता एक सापळा. पैसे देऊन घेतलेल्या क्लासच्या नोट्समध्ये मी तो बघितलाय. २०२३-२४ च्या अहवालात भारताचा २०२२ सालचा निर्देशांक ०.६४४ होता आणि क्रमांक १३४. २०२५ च्या अहवालात ०.६८५ आणि १३०. नोट्सवाल्यांनी वजाबाकी केली आणि ‘एका वर्षात ०.०४१ ची झेप’ असं ठळक छापलं. झेपबिप काही नाही. नव्या अहवालात यूएनडीपीने सुधारित आकडेवारी घेऊन २०२२ चाच आकडा ०.६७६ केलाय आणि त्या वर्षीचा क्रमांक १३३. म्हणजे खरी वाढ ०.००९ आणि तीन पायऱ्या. दरवर्षी मागची सगळी मालिका नव्याने मांडतात. त्यासाठी तक्ता २ दिलेला असतो, १९९० पासूनचा कल त्यात एकाच मापाने मोजलेला. दोन वर्षांचे दोन अहवाल शेजारी ठेवून वजाबाकी करू नका असं ते स्वतःच सांगतात, पण ते सांगतात मागच्या पानांत, आणि मागची पानं उघडतंय कोण?

अजून एक, नाव २०२५ चं असलं तरी आकडे २०२३ चे. कालपरवाचं काही शोधत असाल तर हे दुकान नव्हे.

शिक्षणाच्या मापावर मी नाराज आहे. अपेक्षित शालेय वर्षं १३ म्हणजे आजचं मूल एकूण किती वर्षं शाळा-कॉलेजात नाव लावून असेल त्याचा अंदाज. पटावर नाव आहे. त्याला भागाकार येतो का, हे कोणी विचारत नाही. १९९० मध्ये हाच आकडा ८.२ होता, २०२३ ला १३, ही वाढ खोटी नाही, पण ती दाराच्या आत आलेल्यांची आहे. आत काय मिळालं ते इथे दिसत नाही. सरासरी शालेय वर्षांचं माप मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण ते मोठ्या माणसांचं आहे आणि झालेलं आहे. वर्गात मी मुलांना आपापल्या आईवडिलांचं शिक्षण चिठ्ठीवर लिहायला लावते, नाव न घालता. चौथी, नववी नापास, शून्य, बारावी, दुसरी, बी.कॉम. फळ्यावर बेरीज करताना कोणी कोणाकडे बघत नाही. सरासरी साडेसहा-सातच्या आसपास घुटमळते, आणि मग ६.९ कुठून आला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

श्रीलंकेचा प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, २०२२ मध्ये दिवाळं निघालेला देश ८९वा आणि आपण १३०वे?’ मी म्हणते, ओळ वाच. आयुर्मान सत्याहत्तरच्या पुढे, सरासरी शालेय वर्षं दहाच्या वर. तिजोरी एका वर्षात रिकामी होते, पण शिकलेली आई एका वर्षात अडाणी होत नाही. तिथली मोफत शाळा आणि सरकारी दवाखाना पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. बांगलादेश आपल्याच ०.६८५ वर आहे हे सांगितलं की वर्ग जरा गप्प होतो.

तक्ता ३ न बघता पुढे जाऊ नका. त्यात विषमतेची कात्री लावलेली असते. भारताचा निर्देशांक ३०.७ टक्क्यांनी कापला जातो आणि ०.४७५ उरतो. राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झाली आहे. क्रमांकाच्या जोरावर पान भरत नाही, ह्या एका कपातीवर दोन पानं लिहिता येतात.

पुढच्या प्रकरणांबद्दल थोडक्यात. दर आवृत्तीला एक विषय असतो: २०२० ला माणसाने पृथ्वीवर आणलेला ताण, मग अनिश्चितता, मग ध्रुवीकरण, आणि २०२५ ला कृत्रिम बुद्धिमत्ता. लेखन विद्वत्तेचं, चौकटी रंगीत, वाक्यं अशी की कोणत्याच सरकारला बोचू नयेत. चाळा, सोडून द्या.

शाश्वत विकास शिकवायचा असेल तर तक्ता ७ मात्र सोडू नका. २०२० पासून त्यांनी ग्रहावरच्या भाराची दुरुस्ती केलेला निर्देशांक सुरू केला: दरडोई कार्बन उत्सर्जन आणि उपसलेल्या साहित्याचा ठसा, ह्या दोन गोष्टींसाठी मार्क कापायचे. पहिल्याच वर्षी यादीत अव्वल असलेला नॉर्वे १५ पायऱ्या खाली आला आणि लक्झेंबर्ग १३१ पायऱ्या. १९८७ च्या ब्रंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावण्याची, जी व्याख्या केली, ती मुलं घोकतात. त्या आयोगाच्या अध्यक्ष ग्रो हार्लेम ब्रंटलँड नॉर्वेच्याच पंतप्रधान होत्या, आणि नॉर्वे तेल विकणारा देश आहे. एवढं एका श्वासात सांगितलं की तास आपोआप चालतो. एक खोट आहे: गरीब देश ह्या तक्त्यात वर सरकतात ते काही शहाणपणामुळे नव्हे, जाळायला काही नव्हतं म्हणून. मुलं हे लगेच ओळखतात.

दुसरे पर्याय आहेत का? आहेत. जागतिक बँकेने २०१० मध्ये आपली आकडेवारी सगळ्यांना मोफत उघडून दिली, एकेका निर्देशकाची लांब मालिका हवी तर ती उत्तम. पण बँकेची ‘व्यवसाय सुलभता’ क्रमवारी आठवा. भारत १४२ वरून ६३ वर आला म्हणून केवढा गाजावाजा झाला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आकड्यांतल्या गडबडीनंतर बँकेने ती क्रमवारीच बंद केली. शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं यांवर एक वेगळा वार्षिक अहवाल निघतो, त्यात २०२५ ला भारत १६७ देशांत ९९वा. तो अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स यांच्याशी जोडलेल्या एसडीएसएन ह्या संस्थांच्या जाळ्याचा आहे, यूएनडीपीचा नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री हे दोन अहवाल हमखास एकमेकांत मिसळतात. राज्याराज्यांची तुलना हवी तर नीती आयोगाचा शाश्वत विकास उद्दिष्टांचा निर्देशांक २०१८ पासून आहे.

जिल्ह्याचं काही हवं असेल तर यूएनडीपीचा हा अहवाल कामाचा नाही. त्यासाठी यशदाने, म्हणजे पुण्यातल्या सरकारी प्रशिक्षण संस्थेने, केलेला महाराष्ट्राचा २०१२ चा मानव विकास अहवाल शोधा. जुना आहे, पण बोलका आहे. त्यात ठाणे ०.८०० वर, मुंबई आणि पुण्याच्या रांगेत, आणि नंदुरबार ०.६०४ वर तळाला. वाचून छाती फुगवण्याआधी लक्षात घ्या की तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. म्हणजे त्या ०.८०० मध्ये घोडबंदरची श्रीमंत हिरानंदानी इस्टेट आहे आणि आता पालघरमध्ये गेलेला आदिवासी मोखाडाही आहे. बॅचमध्ये मोखाड्याशेजारच्या जव्हारकडचा एक मुलगा होता, दिवसा वागळे इस्टेटमध्ये कामाला. तो म्हणाला, ‘म्हणजे आमचा जिल्हा आम्हाला घेऊन पण वर होता?’ मी म्हटलं, हो, सरासरी तशीच असते. तो म्हणाला, ‘मग आता आमच्याशिवाय अजून वर गेला असेल.’ पुढच्या धड्याकडे वळायला मला जरा वेळ लागला.

मार्क: तक्ते आणि तांत्रिक टिपा पाचपैकी साडेचार, प्रकरणं दोन, मराठी वाचकाची सोय शून्य. प्रिंट काढणार असाल तर अख्खा अहवाल झेरॉक्सवाल्याच्या हातात देऊ नका, रंगीत पानांचे पैसे लावून तो तुमचा निर्देशांक खाली आणेल. तक्ते १, २, ३ आणि ७, शिवाय त्यांच्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा, ब्लॅक अँड व्हाइट, आडव्या पानावर. उभ्या पानावर काढलंत तर शेवटचे दोन रकाने कापले जातात, आणि क्रमांकातला फरक नेमका तिथेच असतो.