विदर्भाच्या उन्हात स्टाउट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्टाउट म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर. तिचा काळा रंग पाहिला की गावाकडे समज होतो, ही फार कडक असणार. पण गिनेस ड्राफ्ट या आयरिश स्टाउटमध्ये मद्यार्क ४.२ टक्केच, आपल्याकडच्या 'स्ट्राँग' बिअरपेक्षा बराच कमी. काळेपणा आणि कॉफीसारखा कडवटपणा येतो तो भाजलेल्या बार्लीमुळे.

डिसेंबर ते जुलै तीन स्टाउट आलटून-पालटून घेतल्या: गिनेस ड्राफ्टचा ४४० मिलीचा कॅन, गिनेस फॉरेन एक्स्ट्रा आणि श्रीलंकेची लायन.

चवीत ड्राफ्ट पहिली, पण जपायला सगळ्यात नाजूक. कॅनच्या आत प्लॅस्टिकचा पोकळ गोळा असतो, त्यात दाबाखाली नायट्रोजन. कॅन उघडला की आतला दाब एकदम उतरतो, गोळ्यातला वायू बारीक छिद्रातून जोरात सुटतो आणि सायीसारखा फेस धरतो. त्यासाठी बिअर आतपर्यंत थंड हवी, ६ अंशांच्या आसपास. फ्रीजमध्ये किमान तीन तास, रात्रभर ठेवला तर उत्तम. दुपारी लाइन गेली आणि कॅन कोमट झाला, तर उघडताच फेस उसळून हातावर येतो. असा कॅन उघडूच नका, लाइन आल्यावर पुन्हा पूर्ण थंड होऊ द्या.

घरचा ३०० मिलीचा ग्लास इथं चालत नाही. अर्ध्यावर थांबलं की कॅनमध्ये राहिलेल्या बिअरला तसा फेस येत नाही. साडेपाचशे मिलीच्या वरचा काचेचा ग्लास ४५ अंशांत तिरपा धरा, कॅन एका दमात रिकामा करा, शेवटी ग्लास सरळ करा आणि दोन मिनिटं थांबा. काचेच्या कडेनं तपकिरी लाटा खाली उतरताना दिसतात, बुडातून काळा रंग वर चढत येतो आणि माथ्यावर बोटभर साय राहते. बघत राहावं असं दृश्य आहे ते! ग्लासाला तेलाचा अंश असेल तर साय टिकत नाही. साबणानं धुऊन, भरपूर पाण्यानं खंगाळून पालथा घाला, फडक्यानं पुसू नका. सावजी रस्सा चालू असेल तर आधी ओठ पुसा.

फॉरेन एक्स्ट्रा ७.५ टक्के. बाटलीत येते, गोळा नाही. हिचं मूळ १८०१ च्या वेस्ट इंडिया पोर्टरमध्ये आहे (पोर्टर म्हणजे गडद बिअरचा जुना प्रकार). जहाजातून उष्ण देशांत टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि मद्यार्क वाढवले होते. आपल्या मे महिन्यात त्याचं मोल कळतं. लायन ८.८ टक्के, काळ्या मनुका आणि कडू चॉकलेटच्या अंगाची. या दोन्ही बर्फागार प्यायल्या तर चव मुकी होते. १० ते १२ अंशांवर खुलतात. थंडीत फ्रीजमधून काढून वीस मिनिटं थांबावं, मे महिन्यात पाच पुरेत. लायनची एक बाटली दोघांत पुरते.

बाटलीपेक्षा साठवण महत्त्वाची. टिनाच्या छताखाली महिनाभर राहिलेली स्टाउट भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. उन्हानं आतल्या प्राणवायूचं काम भराभर होतं, आणि ती चव नंतर कितीही थंड केलं तरी जात नाही. ड्राफ्ट यात सगळ्यात आधी जाते, लायन सगळ्यात उशिरा. म्हणून फळीवरचा माल न घेता दुकानाच्या फ्रीजमधला मागा आणि तारीख वाचा. घरी फ्रीजमध्ये जागा नसेल तर ओल्या बारदान्यात गुंडाळून सावलीत, वारा लागेल असं ठेवा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, जुलैच्या दमट हवेत चालत नाही.

जेवणाबरोबर: झणझणीत रस्स्यासोबत लायन नको, जास्त मद्यार्कानं तिखट आणखी भडकतं. तिथं ड्राफ्ट. लायनला भाजलेले शेंगदाणे किंवा संत्रा बर्फी. फॉरेन एक्स्ट्रा चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला, धुराला धूर जुळतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. नागपूरहून अमरावती किंवा यवतमाळकडे येणारा नेहमीचा रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो, आणि तिथं दारूबंदी आहे. डिकीत बाटल्या घेऊन तो रस्ता धरू नका. आपल्या जिल्ह्यातल्या परवानाधारक दुकानदाराला सांगून मागवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ड्राफ्ट, मार्चनंतर लायन.