जुन्या बडोद्यातील मराठी वारसा-फेरी : थकलेल्या पगाराची गोष्ट

दांडिया बाजारात जन्म जाऊनही जे मला ठाऊक नव्हते, ते जुन्या शहरातील या दोन तासांच्या मराठी वारसा-फेरीने दिले. लहेरीपुरा दरवाजापासून सकाळी सात वाजता निघणाऱ्या या फेरीचा विषय एकच आहे : १८०० साली गोविंदराव गायकवाड वारल्यावर पेटलेली भाऊबंदकी आणि ती कशी मिटवली गेली.

आनंदराव गादीवर आले, पण कारभार त्यांना पेलवेना. सावत्रभाऊ कान्होजींनी सत्ता बळकावली, दिवाण रावजी आप्पाजींनी त्यांना दूर केले, आणि पुढे कडीचे जहागीरदार मल्हारराव गायकवाड फौजेनिशी उठले. रावजींनी मुंबईकर इंग्रजांची मदत घेतली आणि १८०२ मध्ये कडी पडली. हा भाग मार्गदर्शकांनी चालता चालता उरकला. तीस जणांच्या घोळक्यात मागच्यांना तो नीट ऐकूही आला नाही, ही या फेरीची मोठी उणीव आहे.

खरे मोल आहे ते हरिभक्ती सावकारांच्या हवेलीसमोरच्या अर्ध्या तासाचे. तेथे मार्गदर्शक ओट्यावर बसले, खडूने फरशीवर 'साडेसतरा लाख' असा आकडा लिहिला आणि तो पुसू दिला नाही. बडोद्याच्या अरब शिबंदीचा, म्हणजे पगारी फौजेचा, एवढा पगार थकला होता. शिवाय राज्याच्या कर्जांना आणि वचनांना त्यांच्या जमादारांची बांहेधरी, म्हणजे हमी, होती. त्यामुळे 'निघा' म्हटल्याने ते निघणार नव्हते. उलट त्यांनी आनंदरावांना अडकवून ठेवले आणि कैदेतल्या कान्होजींना सोडून दिले. डिसेंबर १८०२ मध्ये दहा दिवसांच्या वेढ्यानंतर ते शरण आले, तरी ईस्ट इंडिया कंपनीचे मेजर वॉकर आणि दरबार यांना त्यांची रास्त थकबाकी चुकवावीच लागली. त्यासाठी कंपनीने आणि सावकारांनी पैसे उभे केले, आणि अरबांच्या बांहेधरीची जागा कंपनीच्या हमीने घेतली. "म्हणजे पगार झाला तेव्हाच शहर मोकळे झाले का?" असे एका आजींनी विचारले. मार्गदर्शकांनी होकार दिला, पण काही अरब करार मोडून कान्होजींना जाऊन मिळाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले.

या शांततेची किंमतही त्यांनी झाकली नाही. १८०५ च्या तहाने तैनाती फौज कायम झाली आणि तिच्या खर्चासाठी ११ लाख ७० हजारांच्या उत्पन्नाचा मुलूख कंपनीकडे गेला. हे ऐकताना मला मनापासून वाईट वाटले, पण लूटमारीखाली भरडलेल्या रयतेच्या बाजूने पाहता रावजींना दोष द्यायला मी धजत नाही.

शेवटी तांबेकर वाड्यातील भित्तिचित्रे दाखवतात. ती सुंदर असली तरी नंतरच्या काळातली आहेत आणि या विषयाशी त्यांचा सांधा जुळत नाही. माणशी ३०० रुपये शुल्क योग्य वाटते. आयोजकांनी गट पंधरा जणांपुरता ठेवावा आणि तांबेकर वाड्याचा वेळ कडीच्या लढाईला द्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.