मराठवाड्यातली फिरती: कोणतं साधन कामाचं, कोणतं नुसतं ओझं

बियाणं कंपनीचा प्रतिनिधी असो, औषध कंपनीचा एमआर असो की पंपसेटचा सेल्समन, फिरतीचा दिवस साधारण एकाच वळणाचा. सकाळी संभाजीनगरहून निघायचं, जालन्याच्या मोंढ्यात (घाऊक बाजारात) दोन डीलर, सेलू-मानवतला एकेक भेट, परभणीत दुपार आणि रात्री नांदेडला लॉज. या सगळ्यात फोनच नकाशा, फोनच ऑर्डर-बुक, फोनच गल्ला. म्हणून बाजारात ‘बिझनेस ट्रॅव्हल’ म्हणून जे काही विकलं जातं त्याला इथं एकच कसोटी लावली आहे: लाइट नाही, रेंज नाही आणि बाहेर ४२ डिग्री ऊन आहे, तरी ते चालतं का?

सुरुवात पॉवर बँकेपासून, कारण सगळ्यात जास्त फसगत तिच्यात होते. खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं, ३.७ व्होल्टचं. फोनला करंट जातो ५ व्होल्टनं किंवा त्याहून जास्त व्होल्टनं, आणि व्होल्टेज वाढवताना थोडी वीज उष्णतेत जाते. हाती येतात साधारण ६,००० ते ६,५००. म्हणजे ५,००० एमएएच बॅटरीचा फोन सव्वा ते दीड वेळा भरतो, दोन वेळा नाही. एका दिवसाच्या फिरतीला १०,०००ची पुरते. लॉजवर रात्री लाइट जाण्याची शक्यता असेल किंवा लॅपटॉपही चालवायचा असेल तर २०,०००ची घ्या, पण ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जलद चार्जिंगचं) आउटपुट किमान ४५ वॉट आहे ना ते पाहून. २२.५ वॉटची बँक लॅपटॉपला जोडली तर बहुतेक लॅपटॉप तिला दाद देत नाहीत. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-अवरपर्यंत चालतं, तेही हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत पॉवर बँक टाकायचीच नाही. छापील वॉट-अवर पुसलेली बँक सुरक्षा तपासणीत अडवली जाऊ शकते, हे घेतानाच लक्षात ठेवा.

खरी-खोटी ओळखायला अंगावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि ‘आर-’नं सुरू होणारा आठ आकड्यांचा नंबर बघा. बीआयएस केअर अॅपमध्ये आर-नंबर तपासायची सोय आहे. नंबर टाकला की उत्पादकाचं नाव येतं. खोक्यावरच्या नावाशी ते जुळलं नाही तर बँक तिथंच परत करायची. स्टँडवरच्या टपरीत ३००-४०० रुपयांत मिळणाऱ्या ‘५०,००० एमएएच’वाल्या बँका या एका तपासणीतच बाद होतात.

चार्जर एकच न्या: ६५ वॉटचा, गॅलियम नायट्राइडचा, दोन सी पोर्टवाला. तळहाताएवढा असतो आणि फोन-लॅपटॉप दोन्ही सांभाळतो. मात्र दोन्ही पोर्ट भरले की ६५ वॉट वाटले जातात, बहुधा ४५ आणि २०, त्यामुळे लॅपटॉप हळू भरला तर चार्जर बिघडला असं समजू नका. केबलकडं कोणी बघत नाही आणि घोळ तिथंच होतो. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॉटपर्यंत. त्यापुढं ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. जुन्या लॉजमधले प्लग पॉइंट ढिले असतात, जड चार्जर त्यातून खाली लोंबतो आणि ठिणग्या पडतात. दीड मीटर वायरचा, सर्ज प्रोटेक्शन असलेला छोटा एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत असला की चार्जर जमिनीवर ठेवता येतो आणि लाइट परत येतानाचा झटका बोर्ड झेलतो. परदेशी प्लगचा ‘युनिव्हर्सल अॅडॉप्टर’ इथल्या फिरतीत निव्वळ ओझं आहे.

आता ऊन. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात गॅजेट खराब होण्याचं मोठं कारण हेच, आणि ऑनलाइन रिव्ह्यूंमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. लिथियम बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायची नसते. काचा बंद करून मोंढ्यात उभी केलेली गाडी आतून ६० डिग्रीच्या पुढं सहज जाते. अशा गाडीत डॅशबोर्डवर राहिलेली पॉवर बँक फुगते. बँकेच्या दोन पत्र्यांमधली फट रुंद दिसू लागली किंवा ती टेबलावर सपाट बसेनाशी झाली, की ती वापरातून काढा. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका.

फोनचंही तसंच. काचेला चिकटणारा व्हॅक्यूमचा होल्डर ऊन लागलं की सुटतो, आणि सुटेपर्यंत फोन थेट उन्हात भाजतो: आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं, शेवटी ऐन फाट्यावर नकाशा बंद. एसीच्या झडपेवर बसणारा होल्डर इथं सरस ठरतो, कारण फोनच्या पाठीला थंड हवा लागत राहते. गाडीतला मूळचा यूएसबी पोर्ट अनेकदा अर्ध्या अँपिअरचा, गाण्यांसाठी दिलेला असतो. नकाशा चालू ठेवला तर तो लावूनही बॅटरी उतरते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा ३० वॉटचा पीडी चार्जर घ्या. दुचाकीवाल्यांनी हँडलचा होल्डर रबरी डॅम्परसहच घ्यावा. इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, हे अॅपलनं स्वतः जाहीर केलेलं आहे.

नियोजनाच्या साधनांत फुकट आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे गूगल मॅप्स, पण रात्री वायफायवर तयारी केली तरच. प्रोफाइलच्या फोटोवर दाबा, ‘ऑफलाइन मॅप्स’ निवडा, चौकट ओढून आपले दोन-तीन जिल्हे त्यात बसवा आणि डाउनलोड करा. रेंज गेल्यावरही गाडीचा रस्ता दिसत राहतो. ट्रॅफिक आणि पर्यायी रस्ते मात्र दिसत नाहीत. एका प्रवासात नऊ थांबे टाकता येतात, पण क्रम आपणच लावायचा. मॅप्स तो आपोआप जुळवत नाही.

खरी अडचण नावांची आहे. वडगाव, पिंपळगाव, पिंपरी ही नावं जवळजवळ प्रत्येक तालुक्यात सापडतात. औरंगाबाद टाकलं तर काही साइट बिहारचं औरंगाबाद पुढं करतात, आणि उस्मानाबाद-धाराशिव, अहमदनगर-अहिल्यानगर अशी दोन्ही नावं अजून वेगवेगळ्या याद्यांत नांदतात. यावर पक्का उपाय म्हणजे गावाच्या नावावर विसंबायचंच नाही. पहिल्या भेटीत दुकानासमोर उभं राहून नकाशावर बोट दाबून धरा, पिन पडते, अक्षांश-रेखांश दिसतात. ते कॉपी करून गूगल शीटमध्ये डीलरच्या नावापुढं टाका. ही शीट ‘ऑफलाइन’ला लावून ठेवा. मग रेंज नसली तरी तो आकडा मॅप्समध्ये टाकला की बरोबर त्याच शटरसमोर गाडी जाते.

हीच शीट कॉम्प्युटरवर गूगल माय मॅप्समध्ये आयात केली की सगळे डीलर एका नकाशावर येतात. एका फाइलमध्ये २,००० ओळी चालतात, नकाशाला दहा थर करता येतात. सोमवारचा मार्ग एका थरात, मंगळवारचा दुसऱ्यात असं लावलं की कोणतं गाव उगाच वाकडी वाट करून गाठतोय ते लगेच दिसतं. आयात करताना गावाचं नाव दिलं तर पिना भलतीकडं पडतात. अक्षांश आणि रेखांश दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि तेच निवडा. माय मॅप्सचा नकाशा बघायला नेट लागतं, म्हणून तो घरून नियोजनापुरता, आणि रस्त्यात शीट. बुकिंगचे ईमेल वाचून आपोआप वेळापत्रक बांधणारी ट्रिपइटसारखी अॅप चांगली आहेत, पण तालुक्याच्या ठिकाणी लॉज फोनवर बोलून ठरतो, ईमेल येतच नाही. तिथं अॅपला वाचायला काही उरत नाही. साधं गूगल कॅलेंडर पुरतं.

रेल्वेचं तिकीट आयआरसीटीसीवर किंवा रेलवन अॅपवर. तत्काळ एसीचं सकाळी १० वाजता, बिगर-एसीचं ११ वाजता सुरू होतं, आणि जुलै २०२५पासून आधार पडताळलेल्या खात्यावरूनच मिळतं, त्यामुळे पडताळणी आधीच उरकून ठेवा. इथं एक बारीक गोम आहे. तत्काळचा दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. लांबून येणारी गाडी मध्यरात्रीनंतर आपल्या स्टेशनवर येत असेल, तर तिचं तत्काळ आपल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी उघडतं. ‘उद्याची गाडी, आज काढू’ म्हणणाऱ्यांना मग वेटिंग मिळतं. दुसरी चूक लातूर आणि लातूर रोड यांची: लातूर रोड हे जंक्शन शहरापासून तीस-एक किलोमीटर लांब, चाकूर तालुक्यात आहे. संभाजीनगर स्टेशनचा कोड आता सीपीएसएन आहे, जुन्या सवयीनं एडब्ल्यूबी टाकू नका. गाडी कुठं आहे हे बघायला ‘व्हेअर इज माय ट्रेन’ला तोड नाही. गाडीत बसल्यावर ते मोबाइल टॉवरवरून ठिकाण ओळखतं, त्याला जीपीएस लागत नाही की नेट लागत नाही.

चारचाकीवाल्यांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा होता, वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. राजमार्गयात्रा अॅपवरून तो चालू होतो. सोलापूर–धाराशिव–बीड–संभाजीनगरचा ५२ नंबर किंवा तुळजापूर–लातूर–नांदेडचा ३६१ नंबर ज्यांच्या आठवड्यात दोनदा येतो, त्यांचे पैसे वसूल होतात. तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला आहे, पिवळ्या पाटीच्या गाडीला नाही. समृद्धी महामार्ग राज्याचा, एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळाचा) रस्ता असल्यामुळे तिथं पास चालत नाही, नेहमीसारखा टोल कापला जातो. पास आहे म्हणून बॅलन्स शून्य ठेवला तर समृद्धीच्या टोलवर गाडी अडते.

बिलांचं तेवढं मनावर घ्या, पैसे तिथं बुडतात. पेट्रोल पंपाची पावती थर्मल कागदाची असते. तापलेल्या गाडीत ती चार दिवसांत काळवंडते नाही तर कोरी होते आणि अकाउंट्स विभाग ती परत पाठवतो. पावती हातात पडली की गूगल ड्राइव्हमध्ये ‘स्कॅन’ करा आणि फाइलला तारीख-गाव-रक्कम असं नाव द्या. लॉजवर नोंद करतानाच कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर सांगा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के जीएसटी आहे, बिलावर तेवढाच लागलाय ना ते जाण्याआधी काउंटरवर बघा. रेल्वेच्या एसी तिकिटावर जीएसटी नंबर बुकिंग करतानाच टाकावा लागतो. ओळखपत्र म्हणून मास्क केलेलं (पहिले आठ आकडे झाकलेलं) आधार द्या, आणि लायसन्स-आरसीचा गॅलरीतला फोटो न दाखवता डिजिलॉकर किंवा एमपरिवहन उघडा, कारण नुसता फोटो कायद्यानं ग्राह्य नाही. डिजिलॉकर आदल्या रात्रीच नेटवर उघडून लॉगिन तपासून ठेवा; नाकाबंदीच्या ठिकाणी रेंज असेलच असं नाही, म्हणून मूळ लायसन्स पाकिटात असू द्या.