मारुती 800, नऊ महिने आणि डाव्या पायाखालचं तळं

गाडीची ओळख करून देण्यात अर्थ नाही. 796 सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, 12 इंची चाकं. तुमच्यापैकी निम्म्यांनी हिच्यावरच क्लच सोडायला शिकलं असेल. जानेवारी 2014 मध्ये ही बनायची बंद झाली तेव्हा मी पहिलीत होतो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते गाडीबद्दल कमी आणि तिच्या डाव्या सीटसमोर साचणाऱ्या पाण्याबद्दल जास्त आहे. ज्यांना मायलेज वगैरे हवं त्यांच्यासाठी ते मध्ये कुठेतरी येईल.

आधी बारावीतला मुलगा शाळेत गाडी घेऊन कसा जातो, हे. अकरावीत मी एकदा नापास झालो. अकाउंट्स. त्याचा आयुष्यात झालेला एकमेव फायदा म्हणजे बारावीचा वर्ग सुरू व्हायच्या आधीच, एप्रिल 2025 मध्ये, मला अठरा पूर्ण झाली. त्याच आठवड्यात लर्निंग काढलं, तीस दिवस झाल्यावर टेस्ट दिली, आणि जूनमध्ये वर्गात चारचाकीचं लायसन्स असलेला मी एकटा. बाकीचे बसने किंवा कुणाच्या तरी स्कूटरच्या मागे बसून. काहीजण स्वतःच चालवतात, पण त्यांच्या बापांना 2019 चा कायदा बहुतेक कुणी वाचून दाखवलेला नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आमच्या बाबांनी तो नियम मला सोळाव्या वर्षापासून महिन्यातून एकदा ऐकवला आहे.

गाडी मामाची. 2009 ची, एसीवाली. 2024 मध्ये पंधरा वर्षं झाल्यावर मामाने 5,000 रुपये फी भरून पुढच्या पाच वर्षांसाठी पासिंग करून घेतलं आणि वर्षभरात नवी गाडी घेतली. "भंगारात घालण्यापेक्षा पोराला द्या," म्हणाला. वास्कोत बिल्डिंगखाली उभी असायची, रविवारी देवळात आणि बाजारात जायची. पंधरा वर्षांत 41,000 किलोमीटर. रंग बघून बाबासुद्धा काही बोलले नाहीत.

आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या अलीकडे. शाळा डिचोलीत. जाऊन-येऊन चाळीसच्या आसपास किलोमीटर, मध्ये साखळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला. तिसऱ्या दिवशी मागे बसलेल्या मित्राने विचारलं, "तुझी पाण्याची बाटली कुठे सांडली काय?" कारण डावं दार उघडताना खळखळ आवाज आला होता. बाटली माझ्या बॅगेत, भरलेली. मी दुर्लक्ष केलं. हा आवाज लक्षात ठेवा, मी ठेवला नाही.

आठवड्याभरात डाव्या सीटसमोर पाय ठेवला की मॅटिंग पचपच करायला लागलं. पाणी लाल. आमच्याकडचा रस्ता, त्यावरची माती आणि ट्रकच्या चाकांतून उडणारा चिखल, सगळं एकाच रंगाचं. मग वास. चामड्याच्या चपलेला आषाढात पांढरी बुरशी येते ना, तो वास, पण बंद काचांच्या आत, दोन मित्र आणि तीन ओल्या छत्र्यांसकट. एकाने सरळ सांगितलं की पेट्रोलचे पैसे तो देईल पण पुढे बसणार नाही.

जुलैमध्ये शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी दोन मिनिटं बघून निदान केलं: पुढच्या काचेचं रबर गेलंय. नवीन बीडिंग, सिलंट, मजुरी, 1,850 रुपये. हे पैसे माझे होते. एप्रिल-मेमध्ये आमच्या आणि शेजाऱ्यांच्या बागायतीत काजूच्या बिया वेचून मिळालेले. पाठीचं काय झालं ते वेगळं. दुसऱ्या दिवशी साखळीला पोचेपर्यंत तळं परत जागेवर. मी परत गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "एवढ्या पावसात जुन्या गाडीत थोडं पाणी येणारच." मी म्हटलं, मग काल पाऊस नव्हता काय? पैसे परत द्यायला तयार नाहीत. शेवटी भरपाई म्हणून त्यांनी गाडी फुकट धुऊन द्यायची तयारी दाखवली. जुलैमध्ये. गोव्यात.

दुसऱ्या गॅरेजने मॅटिंग उचलून, पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर ठोकून सांगितलं की फ्लोअर सडलाय, वेल्डिंग करावं लागेल, 6,000. मामाला फोन केला. "माझ्याकडे कधी थेंब आला नव्हता." हे वाक्य त्याने जुलै ते ऑक्टोबर मिळून निदान दहा वेळा म्हटलं असेल, आणि दर वेळी असं, की जणू मीच घरून बादली नेऊन ओततो.

त्याच आठवड्यात सरांचं प्रकरण झालं. शाळा सुटताना धो धो. अकाउंट्सचे सर व्हरांड्यात अडकलेले, तेच ज्यांनी मला अकरावी दोनदा करायला लावली. मी गाडी पुढे घेतली. नको म्हणता येईना. सर पुढे बसले, पाय ठेवले, आणि बुटांसकट उचलून सीटच्या कडेला धरले. स्टँडपर्यंत ते तसेच अधांतरी. गिअर बदलताना माझा हात त्यांच्या गुडघ्याला लागायचा आणि मी दर वेळी सॉरी म्हणायचो. उतरताना म्हणाले, "दोन खेकडे सोड. भाडं वसूल होईल." दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना माहीत.

त्या रात्री मी खरंच ठरवलं होतं की ही गाडी मामाला परत नेऊन द्यायची आणि बसचा पास काढायचा. हा अनुभव तेव्हा लिहिला असता तर एका ओळीत संपला असता, आणि ती ओळ इथे छापण्याजोगी नसती.

मग सुरू झाला पेपरचा प्रयोग. पाणी नेमकं कुठून येतं ते कळावं म्हणून मी रात्री डावीकडच्या तळाशी वर्तमानपत्र पसरून ठेवायला लागलो. सकाळी कुठला कोपरा आधी भिजला ते बघायचं. पेपर आदल्या दिवशीचा घ्यायचा असं ठरलं होतं, पण आजोबा शब्दकोडं दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवून पुरवून सोडवतात, हे मला माहीत नव्हतं. त्यावरून घरात दोन दिवस अबोला. पण प्रयोग लागू पडला. काचेखालचा भाग कोरडा, दाराकडची कड ओली. म्हणजे 1,850 रुपये गेले ते चुकीच्या पत्त्यावर.

शेवटी वाड्यावरचे एक काका आले. खाणीवर मशिनी दुरुस्त करायचे. 2018 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरीच, ट्रॅक्टर, पंप, मिक्सर जे येईल ते. त्यांनी दार उघडून, मिटून बघितलं. खळखळ. मग माझ्याकडे असे बघितले की मी नजर चुकवली. म्हणाले, "उदक येंवचेंच रे. वचूंक वाट जाय." म्हणजे पाणी येणारच, त्याला जायला वाट हवी.

पाणी दारात येणारच, हे मला अठराव्या वर्षी कळलं. काच खाली-वर होते ती फट पूर्ण बंद कधीच नसते. पाऊस काचेवरून ओघळून दाराच्या पोटात उतरतो आणि दाराच्या खालच्या कडेला असलेल्या भोकांतून बाहेर पडतो. सगळ्या गाड्यांत असंच असतं. आणि दाराचं आतलं पॅड काढलं की मागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, पोटातलं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून. आमच्या गाडीत भोकं लाल चिखलाने लिंपलेली. काकांनी खिळा घातला तेव्हा आधी चहाच्या रंगाची धार आणि मग निदान तांब्याभर पाणी पायावर आलं. पॅड काढलं तर कागद मधोमध वाटोळा कापलेला. मामाने 2011 मध्ये दारात स्पीकर बसवले होते. ज्याने बसवले त्याने कागद फाडून, तार ओढून, पॅड ठोकून बंद केलं. उजव्या दाराचंही तेच, पण तिथली भोकं मोकळी होती म्हणून ते गप्प. म्हणजे गाडीचा दोष शून्य. बिल्डिंगखाली उभी राहणारी गाडी ओरडली नाही, सत्तरीत आली आणि ओरडली.

दुरुस्तीचा खर्च 120 रुपये, तोही चिकटपट्टीचा. प्लॅस्टिक घरचंच. पावसाळ्याआधी लाकडांची खोप झाकायला आणतो त्यातला उरलेला निळा तुकडा, दोन्ही दारांना कापून लावला. मॅटिंगखालचा नमदा मात्र वाळेना. तीन दिवस न्हाणीत, भाणाच्या (आंघोळीचं पाणी तापवायच्या हंड्याच्या) चुलीशेजारी काठीवर टाकून सुकवला. तेव्हापासून गाडीला धुराचा वास येतो. बुरशीपेक्षा शंभर पटीने बरा, पण एकदा पोलिसाने थांबवून "आत काय जळतंय?" विचारलं.

इथे सरळ जाहीर करून टाकतो की ऑगस्टपासून ही गाडी मला आवडायला लागली. आवडायची कारणं झटपट: डिचोलीच्या बाजारात जिथे बुलेटवाला दोनदा विचार करतो तिथे ही वळते. वळणाची त्रिज्या फक्त 4.4 मीटर. पॉवर स्टिअरिंग नाही, पण पुढे वजनच नाही, त्यामुळे पार्किंगपुरती ओढाताण. मायलेज या रस्त्यावर, या पावसात, सोळा. महिन्याला साधारण 960 किलोमीटर म्हणजे 60 लिटर, लिटरला शहाण्णवच्या आसपास धरले तर पावणेसहा हजारांच्या घरात. दोघे मित्र हजार-हजार देतात, बाबा दोन, उरलेले काजूचे. बाबा म्हणतात मित्रांकडून पैसे घेतोस तर पिवळी पाटी लाव. नावडणाऱ्यात हेडलाइट, संध्याकाळी क्लास सुटल्यावर मेणबत्ती बरी वाटते. आणि 12 इंची चाक आमच्या खड्ड्यात बसतं ते अख्खं बसतं. टाकी 28 लिटरची, पण मी पाचशे-हजाराचंच भरतो, म्हणून दर दोन-चार दिवसांनी पंपावर. तिथला माणूस आता नुसतं बोटाने विचारतो, पाचशे की हजार.

पाण्याचं मात्र संपलं नव्हतं. चतुर्थी गेली, पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन पडलं, आणि एका कोरड्या ठणठणीत मंगळवारी डावीकडे परत ओल. मी खरंच गाडी रस्त्याच्या कडेला लावून पाच मिनिटं बसलो. दारं बघितली, भोकं मोकळी. निळं प्लॅस्टिक जागेवर. मामाला फोन केला नाही, कारण वाक्य पाठ होतं.

रात्री आजोबांचा पेपर घातला (या वेळी विचारून). सकाळी कोरडा. दुपारी शाळेतून आल्यावर घातला, तासाभरात मधला भाग भिजलेला. आणि डाग पडला नाही. पावसाचं पाणी पेपरवर लाल कड सोडून जायचं. हे पाणी स्वच्छ होतं, नळासारखं. मग डोक्यात उजेड पडला: ऑक्टोबरपासून मी एसी लावतो. एसीतून सुटणारं पाणी एका बारीक रबरी नळीने गाडीखाली पडायला हवं. गाडीखाली वाकून बघितलं तर नळीच्या तोंडाशी तोच आमचा चिखल, वाळून वीट झालेला. म्हणून पाणी आतल्या आत, डॅशबोर्डखालून डाव्या पायावर.

काकांना बोलवायला गेलो नाही. जूनमध्ये मोडलेल्या छत्रीची काडी होती, ती घातली, फिरवली. आधी काही नाही. मग एक थेंब, मग भळकन सगळं. अंगणात गाडीखाली ओला ठिपका पडला आणि मांजर येऊन त्याचा वास घेऊन गेलं. काडी आता ग्लोव्ह बॉक्समध्ये असते, कागदपत्रांच्या वर.

ज्यांच्याकडे जुनी छोटी गाडी आहे आणि डावीकडे पाणी येतं त्यांना एवढंच: गॅरेजला जायच्या आधी पाण्याला डाग पडतो का बघा. डाग पडला तर दारं, नाही पडला तर एसीची नळी. आणि दार हलवून ऐका. मी ऐकलं असतं तर 1,850 वाचले असते, त्यात पुढचा टायर आला असता. ते गॅरेज अजून तिथेच आहे. मी रोज समोरून जातो आणि त्यांच्या दारासमोर हमखास हॉर्न वाजवतो, कारण नसताना.

आता फेब्रुवारी. बोर्डाची परीक्षा चालू आहे, सकाळी लवकर निघतो, एसी बंद, काचा खाली. पाऊस यायला साडेतीन महिने. तरी सवयीने काल रात्री पेपर घातलाच. सकाळी उचलला तर खडखडीत कोरडा. आजोबांनी तो घेतला, झटकला, नाकाशी धरला, "धूर येतो," म्हणाले, आणि शब्दकोडं घेऊन पायरीवर बसले.