खारपाणपट्ट्यातलं सोलर : पंधरा महिन्यांचा अनुभव

या मार्चमध्ये आमच्या छतावर रोज सरासरी १२.९ युनिट वीज तयार झाली. मागच्या मार्चमध्ये ती १५ होती. घर तेच, सहा पॅनल तेच, ऊनही तेच. महिन्याला साठ-पासष्ट युनिट कुठे गेले हे शोधण्यात माझा दीड महिना गेला. जे सापडलं ते अकोला, बुलढाणा, अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे तिथल्या, लोकांना कळलंच पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही अकोल्यात राहतो, वर स्लॅब असलेलं स्वतःचं घर आहे. मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या पुढे गेला आणि जिल्ह्यात उन्हामुळे कलम १४४ लावावं लागलं, त्या महिन्यात आमच्या सासूबाई दोन दिवस सलाईनवर होत्या. त्यांच्या खोलीला एसी घ्यायचा हे तेव्हाच ठरलं. पण एसी, कूलर आणि पंखे मिळून ३०० युनिटच्या वरच्या स्लॅबमध्ये गेलो की बिल काय होतं ते घर चालवणारीला माहीत असतं. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. सबसिडीचे ७८,००० रुपये खात्यात जमा झाले, त्यात अडचण आली नाही. नेट मीटरही लागलं, म्हणजे आपली उरलेली वीज लाइनवर जाते आणि बिलातून वजा होते. तेव्हापासून बऱ्याच महिन्यांत बिलावर स्थिर आकार आणि त्यावरचं किरकोळ, म्हणजे दीडशेच्या आसपास रक्कम येते. पैशाच्या बाबतीत माझी तक्रार नाही.

पहिला धक्का मागच्या मे महिन्यात बसला. एजन्सीवाल्यांनी सांगितलं होतं, ‘मॅडम, मे महिन्यात बघा, सगळ्यात जास्त वीज तेव्हाच.’ प्रत्यक्षात मेची सरासरी १३.९ आली, मार्चपेक्षा युनिटभर कमी. मला वाटलं, आपल्याला खराब माल दिला. ओळखीच्या चार घरी तसं बोलूनही टाकलं. ते चुकीचं होतं. पॅनलवर लिहिलेले वॅट हे आतल्या वीज बनवणाऱ्या सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, असं आमच्या पॅनलच्या कागदावरच छापलंय. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने दुपारी दोन वाजता पॅनलच्या मागच्या बाजूचं तापमान मोजलं, ते ६८ निघालं. म्हणजे २५ पेक्षा ४३ अंश जास्त, १०० च्या जागी ८५ वीज. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. आपल्याकडचा मे महिना उजेडासोबत जी आग आणतो, ती वीज खाते. मार्चचं ऊन सोलरला सगळ्यात मानवतं.

हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी उगाच कुणाबद्दल वाईट बोलले नसते.

उष्णतेच्या बाबतीत सोलरचा एक फायदा मात्र मी धरलाच नव्हता. आम्ही पॅनलखालचं स्ट्रक्चर उंच घेतलं होतं, खालून माणूस वाकून जाईल एवढं. त्यासाठी जास्तीचे पैसे मागितले तेव्हा मी बरीच घासाघीस केली. पण खाली बरोबर सासूबाईंची खोली आहे आणि तिच्या स्लॅबवर आता दिवसभर सावली असते. आधी रात्री अकरा वाजता छताला हात लावला तर तवा लागायचा. आता संध्याकाळी सातला पंखा चालतो आणि एसी नऊनंतर लावला तरी पुरतो. उंच स्ट्रक्चरवर खर्च केलेला रुपया मला सगळ्यात कामी आला. पॅनलखालून वारा जातो, तेही त्यांना बरं.

आता यंदाच्या मार्चचं. आकडा घसरला तशी मी तक्रार केली. पाच वर्षांची सेवा करारात आहे. तीन फोन आणि अकरा दिवसांनंतर एक मुलगा आला, तोही दुपारी एक वाजता. आल्या आल्या आमच्या बोअरच्या नळाला पाइप लावला आणि तापलेल्या काचांवर पाणी मारायला सुरुवात केली. मी म्हटलं, अरे, हे खारं पाणी आहे. तो म्हणाला, ‘काकू, पाणी तं पाणीच असते नं!’ दहा मिनिटांत पाणी सुकलं, त्याने फोटो काढले आणि तो गेला. दुसऱ्या दिवशीचा आकडा १२.७.

त्या संध्याकाळी ऊन तिरपं झाल्यावर मी वर जाऊन नीट पाहिलं. समोरून काच स्वच्छ दिसते, बाजूने पाहिलं की कळतं. प्रत्येक पॅनलच्या खालच्या कडेला, जिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी येते, तिथे बोटभर रुंदीचा पांढुरका पट्टा होता. नखाने खरवडला तर निघेना. वर सगळीकडे थेंबांच्या गोल कडा, मिठाच्या बांगड्यांसारख्या. कूलरच्या ताट्यांवर आणि टाकीच्या काठावर जो थर दर उन्हाळ्यात बसतो, तोच हा थर. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आम्ही जन्मापासून राहतो. या पाण्याने बादल्या पांढऱ्या होतात, नळ जाम होतात, गीझरच्या कॉइल जातात. काचेचं तेच होणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आणि त्या थरात माझाही हात होता. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून आमच्याकडे थेंबही वाया जात नाही. आरओच्या मागून जे पाणी वाहून जातं ते मी बादलीत धरते. वर्षभर दर पंधरा दिवसांनी मी त्याच पाण्याने पॅनल धुतले. बचत होतेय याचं समाधान होतं. पण आरओ चांगलं पाणी एकीकडे काढतो आणि सगळे क्षार त्या दुसऱ्या पाण्यात ढकलतो. पुतण्याने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन आणलं तेव्हा खरं समजलं. बोअर १८५०, आरओची ती बादली २६००. मी प्रेमाने, वेळ काढून, सगळ्यात वाईट पाणी निवडत होते. याचं मला फार वाईट वाटलं.

खालच्या कडेचा बोटभर पट्टा एवढं नुकसान का करतो, तेही सांगते. सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एका रांगेवर पडदा आला की तिच्यासोबत जोडलेल्या बाकीच्या सेलचा करंटही त्याच मापाने खाली येतो.

एजन्सीला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘काच साफ करणं ग्राहकाचं काम.’ करारात तसंच आहे, मान्य. पण मग तुमच्या माणसाने बोअरचं पाणी का मारलं? आणि बसवताना तुमच्याकडे पाणी कसलं आहे, हा एक प्रश्न विचारायला काय लागतं? छताची दिशा विचारली, सावली विचारली, तीन वर्षांची बिलं मागितली. पाण्याबद्दल एक शब्द नाही. अर्धा जिल्हा खाऱ्या पाण्यावर असताना!

डाग काढायला शेजाऱ्यांनी अ‍ॅसिड सुचवलं. माहितीपुस्तकात आम्ल, तारेची घासणी, पावडर सगळ्याला मनाई आहे, आणि मला वॉरंटी घालवायची नव्हती. मी जुन्या सुती साडीचे पट्टे केले, आरओच्या चांगल्या पाण्यात भिजवून पहाटे साडेपाचला खालच्या कडेवर पसरले आणि वीस मिनिटं ठेवून मऊ स्पंजने पुसलं. काच गार असतानाच करायचं, तापलेल्या काचेवर पाणी घालायचं नाही. चार सकाळी हेच केलं. तिसऱ्या दिवशी थर सुटायला लागला, हाताला खरखरीत पीठ लागत होतं. पाचव्या दिवशी आकडा १४.४. कडेला अजून फिकट निळसर छटा आहे, ती बहुतेक जाणार नाही.

पण दर वेळी पिण्याचं पाणी छतावर ओतायला माझं मन होईना. एका रात्री एसीच्या नळीखालची बादली उचलताना सहज पेन बुडवलं. आकडा आला २८. मला खरंच वाटेना, पेन धुऊन परत बुडवलं. २८. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ गार होऊन ठिबकलेली, तिच्यात क्षार येणार कुठून! घरातलं सगळ्यात स्वच्छ पाणी आम्ही मोरीत सोडत होतो. मेच्या कोरड्या हवेत रात्रीतून अर्धी बादलीच भरते, पण सहा काचा पुसायला तेवढी पुरते. धूळ आधी कोरड्या मऊ मॉपने झाडून घेते, मग हे पाणी.

अनेकजण विचारतात म्हणून सांगते : लाइन गेली की हे सोलरही बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्यासारखी करणारं यंत्र, स्वतःच थांबतो. बॅटरी नसेल तर भर दुपारी, डोक्यावर सहा पॅनल असताना, हातपंखा घ्यावा लागतो. आमच्याकडे या मेमध्ये तसं पाच-सहा वेळा झालं. सासूबाईंसाठी जुना बॅटरीचा इन्व्हर्टर म्हणूनच ठेवला आहे, तुमच्याकडे असेल तर तुम्हीही विकू नका.

घ्यावं का? घ्या. आम्ही पुन्हा घेतलं असतं. पण ऑर्डर देण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचं ते पेन आणा आणि आपल्या नळाचं, बोअरचं, एसीचं पाणी मोजा. छतावर कोणता नळ नेताय ते एजन्सीला तुम्ही सांगा, ते विचारणार नाहीत. आमच्या छतावरच्या बोअरच्या तोटीला मी आता कुलूप लावलंय, चावी सासूबाईंच्या उशाखाली असते. काल तो मुलगा पुन्हा आला होता, चेकिंगला. आधी त्याच्या हातात एसीची बादली दिली.