जीएलसी मुंबई, तीन वर्षांची एलएलबी: दहा महिन्यांनंतर

लातूरला बी.कॉम. करून मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजला आले त्याला आता दहा महिने झाले, गावाकडच्या मुलींचे सारखे मेसेज येतात की ताई घेऊ का ॲडमिशन, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी सीईटी, म्हणजे एलएलबीची प्रवेश परीक्षा. पेपर मराठीतूनही असतो आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मी पहिल्या वेळी शेवटचे वीसेक प्रश्न नुसतेच सोडले आणि वर्ष गेलं, अजून वाईट वाटतं. कॅप म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, तिचा ऑप्शन फॉर्म भरताना मिळेल वाटतं ते नाही तर खरंच हवंय ते कॉलेज वर टाका. आणि नॉन क्रीमी लेयरचं सर्टिफिकेट आधीच काढून ठेवा, माझ्या मैत्रिणीची सीट त्यापायीच गेली.

कॉलेज 1855 चं, 1935 मध्ये बाबासाहेब इथे प्राचार्य झाले, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पण रोजच्या रोज उपयोगी पडते ती कॉलेजची जागा. लेक्चर सकाळी, त्यासाठी डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडते, मग चर्चगेटवरून चालत हायकोर्ट, मागच्या बाकावर बसून आर्ग्युमेंट ऐकायला कुणी पैसे घेत नाही.

करिअरचं स्पष्ट सांगते. फी कमी आहे पण मुंबईत राहायचा खर्च कमी नाही. पहिल्या चेंबरमध्ये, म्हणजे वकिलाच्या ऑफिसात, चार महिने एक रुपया मिळाला नाही, फक्त झेरॉक्स आणि तारखा. दुसऱ्या ठिकाणी सरांनी जमिनीच्या केसची फाईल दिली, त्यातले सातबारा, फेरफार मी घरी लहानपणापासून बघितलेले, पटापट वाचून तारखांप्रमाणे लावून दिले, तेव्हापासून जमिनीच्या फाईली माझ्याकडेच येतात आणि महिना पाच हजारही मिळतात. इंग्रजी कच्चं म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, हायकोर्टात इंग्रजी लागतंच पण खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे.

जज व्हायचंय त्यांनी वर्षांचा हिशोब आधीच करा. मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर सिव्हिल जजच्या परीक्षेला तीन वर्षांची प्रॅक्टिस लागते, म्हणजे डिग्रीनंतर लगेच फॉर्म भरता येत नाही. सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, फी मात्र जुलै 2024 च्या निकालाने ओपनला 750 आणि एससी-एसटीला 125 रुपयांवर आलीये, त्यासाठी घरी कर्ज काढायची गरज नाही. बार एक्झाम, म्हणजे वकिलीची पात्रता परीक्षा, वेगळी द्यावी लागते.

माझं ठरलंय, सनद घेऊन लातूर कोर्टातच बसणार. कॅपचं काही अडलं तर विचारा, रात्री नऊनंतर उत्तर देते.